इलिमिनेट आणि इरॅडिकेट, दोन्हींना 'निर्मूलन'च लिहायचं का?

शब्दांची हमाली

इंग्रजीतून मराठी करून देणं हा माझा धंदा. साताऱ्यात बसून पुण्या-मुंबईची कामं घेते. मिक्सरच्या माहितीपुस्तिका, विम्याचे अर्ज, कधीतरी शाळांची पत्रकं. त्यात भाषा थोडी आणि ओझी वाहणंच जास्त, म्हणून हे नाव.

गेल्या आठवड्यात हत्तीरोगावरचं एक चार पानी पत्रक आलं. दुसऱ्या पानावर एकाच परिच्छेदात तीन शब्द: कंट्रोल, इलिमिनेशन, इरॅडिकेशन. पहिल्याला 'नियंत्रण' लिहिलं. उरलेल्या दोघांना डोळे झाकून 'निर्मूलन'. तपासणाऱ्या बाईंनी ते परत पाठवलं, समासात एकच ओळ: "दोन्ही एकच असेल तर लिहिणाऱ्याने दोन शब्द का वापरले?" मला राग आला, कारण माझ्याकडे उत्तर नव्हतं.

मग शब्दकोश घेऊन बसले. इलिमिनेट म्हणजे काढून टाकणे, नाहीसे करणे. इरॅडिकेट म्हणजे समूळ नष्ट करणे, नाहीसे करणे. अबॉलिश, नष्ट करणे. डिस्ट्रॉय, नष्ट करणे. ऑब्लिटरेट, नष्ट करणे, पुसून टाकणे. पाच वाटांनी निघायचं आणि दर वेळी त्याच विहिरीवर पोचायचं.

त्यात लेकीने भर घातली. ती दहावीत आहे, सेमी-इंग्रजीला. म्हणाली, "आई, आमच्या गणितात इलिमिनेट म्हणजे चलाचा लोप करणे." आणि टीव्हीवर गाण्याच्या स्पर्धेत दर रविवारी कुणीतरी रडत रडत इलिमिनेट होतं. म्हणजे गायक, एक्स आणि हत्तीरोग यांचं नेमकं काय एकच होतं?

मला शब्दकोशातले अर्थ नकोत, ते आहेत माझ्याकडे. मला हे कळत नाही की इंग्रजी लिहिणारा माणूस यातला एक शब्द उचलतो आणि दुसरा खाली ठेवतो, तो कशाच्या आधारावर? रिमूव्ह, डिलीट, इरेज, डिमॉलिश, रुइन, अनायलेट हे सगळे वहीत रांगेने लिहून ठेवलेत. पत्रक सोमवारी द्यायचंय.

जुना फवारणीवाला

ताई, बाकीच्या शब्दांचं माहीत नाही, पण या दोन शब्दांनी माझी अख्खी नोकरी खाल्ली. हिवताप विभागात लागलो, हत्तीरोग पथकातून निवृत्त झालो. गडचिरोली आणि चंद्रपूर.

आमच्या खात्यात दोन वेगळे शब्द आहेत. इलिमिनेशन म्हणजे दूरीकरण. इरॅडिकेशन म्हणजे निर्मूलन. सरकारी कागदावर बहुतेक वेळा 'दुरीकरण' असं ऱ्हस्व लिहिलेलं दिसेल, ते सोडून द्या. पण हत्तीरोगाच्या मोहिमेच्या फलकावर दूरीकरणच लिहिलेलं असतं, आणि ते उगाच नाही.

दूरीकरण एका ठरावीक भागापुरतं असतं. जिल्हा, राज्य, देश. त्या भागात रोग शून्यावर आणायचा, किंवा ठरवलेल्या आकड्याच्या खाली. आकड्याच्या खाली आला म्हणून काम थांबत नाही, कारण शेजारून परत येऊ शकतो. निर्मूलन म्हणजे अख्ख्या जगातून गेला, कायमचा, आता लसही नको आणि सर्वेक्षणही नको. माणसाच्या रोगांत असा आजवर एकच गेला: देवी. भारतात शेवटचा रोगी १९७५ साली, आणि जागतिक आरोग्य संघटनेने जग देवीमुक्त जाहीर केलं मे १९८० मध्ये. जनावरांचा एक गेला, बुळकांडी, २०११ साली. संपली यादी.

आता पोलिओ बघा. आपल्याकडे शेवटचा रोगी जानेवारी २०११ मध्ये हावड्याला सापडला, मार्च २०१४ मध्ये देशाला पोलिओमुक्तीचा दाखला मिळाला. तरी अजून डोस का पाजतात, असं लोक विचारायचे. कारण पाकिस्तान आणि अफगाणिस्तानात तो आहे. आपल्यापुरतं इलिमिनेशन झालं, जगाचं इरॅडिकेशन राहिलं. लसीची पेटी खांद्यावर घेऊन दारात उभं राहून हे एका वाक्यात सांगायची मला सवय झाली होती, म्हणून इथेही एका वाक्यात सांगितलं.

कुष्ठरोगाचं आणखी वेगळं. तिथे इलिमिनेशनची व्याख्याच अशी की १०,००० लोकांमागे १ पेक्षा कमी रोगी. भारताने देशपातळीवर ती रेषा २००५ च्या डिसेंबरात गाठली. म्हणजे 'दूरीकरण झालं' असं जाहीर झालं त्या दिवशीही देशात हजारो रोगी होते आणि आमचे लोक घरोघर चट्टे तपासत होते. तुम्ही तिथे 'निर्मूलन झाले' लिहिलं असतं तर धादांत खोटं ठरलं असतं. गंमत अशी की १९८३ पासून त्या कार्यक्रमाच्या इंग्रजी नावात इरॅडिकेशन आहे. नाव इरॅडिकेशनचं, उद्दिष्ट इलिमिनेशनचं. तेव्हा तुमची चूक झाली म्हणून वाईट वाटून घेऊ नका.

हिवतापाची गोष्ट सांगितल्याशिवाय राहवत नाही. १९५३ ला कार्यक्रम सुरू झाला तो नियंत्रणाचा. डीडीटीने असा काही गुण आला की १९५८ ला नाव बदलून इरॅडिकेशन केलं. १९६१ मध्ये देशात रोगी उरले साधारण ५० हजार. सगळ्यांना वाटलं, झालं. मग पैसा आटला, डास डीडीटीला दाद देईनासे झाले, आणि १९७६ ला आकडा गेला ६४ लाखांवर. मी त्यानंतर भरती झालो. माझ्या पहिल्या साहेबांच्या टेबलावर जुना शिक्का होता, त्यावर 'निर्मूलन' हा शब्द होता, आणि बाहेर रक्तनमुने द्यायला रांग.

भारदस्त

एवढा काथ्याकूट कशाला? 'समूळ उच्चाटन' लिहा. सगळीकडे चालतं, वजनदार दिसतं.

लातूरकर मास्तर

वजनदार दिसतं हे खरं, पण उच्चाटन शब्दाची माझ्याकडे एक तक्रार आहे, ती सांगूनच पुढे जातो.

जुन्या तंत्रग्रंथांत सहा कर्मं सांगतात. त्यात उच्चाटन एक आणि मारण दुसरं. मारण म्हणजे जीव घेणं. उच्चाटन म्हणजे माणसाला त्याच्या जागेवरून उठवणं, हुसकावणं, घरदार सोडायला लावणं. माणूस जिवंत राहतो, फक्त इथे राहत नाही. तेव्हा उच्चाटनाला 'समूळ' चिकटवणं म्हणजे पाहुण्याला मुळासकट घालवणं. आज शब्द रूढ झालाय, मी कुणाला अडवत नाही. पण ताईंच्या प्रश्नाला तो फार कामाचा आहे, कारण इलिमिनेट हुबेहूब तसाच आहे.

लॅटिनमध्ये लिमेन म्हणजे उंबरठा. इलिमिनेट म्हणजे उंबरठ्याबाहेर काढणं. आता ताईंचे तिघे बघा. गायक स्पर्धेच्या बाहेर गेला. तो मेला नाही, सोमवारी गणपती मंडळात गातोय. एक्स समीकरणाच्या बाहेर गेला. पुढच्या पायरीला त्याची किंमत काढायला आपणच त्याला परत बोलावतो. हत्तीरोग जिल्ह्याच्या बाहेर गेला. फवारणीवाले काका म्हणतात तसा शेजारून परत येऊ शकतो. तिन्ही ठिकाणी एक चौकट आहे आणि तिच्या बाहेर काढणं आहे. पोलिस तपासात संशयित इलिमिनेट करतात म्हणजे यादीतून वगळतात. हां, हेरकथांत इलिमिनेट म्हणजे ठार मारणं, पण ते मुद्दाम सौम्य केलेलं बोलणं आहे, आपण 'काटा काढला' म्हणतो तसं.

इरॅडिकेट मात्र मुळाचा. राडिक्स म्हणजे मूळ. इंग्रजीतला रॅडिश त्याच घराण्यातला, आणि आपला मुळाही मूळवाला. निर् आणि मूल, निर्मूलन. एवढी तंतोतंत जोडी भाषांतरात क्वचित मिळते, ती इलिमिनेशनवर उधळू नका.

शेतातली हरळी ज्याने काढलीय त्याला हे समजावून सांगावं लागत नाही. वरून विळ्याने कापली तर ते कंट्रोल. एका वाफ्यातून खुरपून काढली तर त्या वाफ्यापुरतं इलिमिनेशन, बांधावरून ती परत आत सरकणारच. इरॅडिकेशन म्हणजे एक कांडीही जमिनीत राहू न देणं. माझ्या वडिलांनी नांगरटीनंतर ढेकळं फोडून कांड्या वेचायला लावल्या होत्या, सबंध मे महिना. पावसाळ्यात हरळी होतीच.

आता वहीतले बाकीचे. क्रियापद कुठल्या वस्तूवर चालतं ते आधी बघायचं, अर्थ नंतर.

अबॉलिश फक्त माणसाने निर्माण केलेल्या व्यवस्थेवर चालतो: कायदा, प्रथा, पद, कर. टेबल अबॉलिश होत नाही, डास अबॉलिश होत नाही. मला वर्गात सर्वांत उपयोगी पडलेलं उदाहरण संविधानाचं आहे. १७व्या अनुच्छेदाच्या इंग्रजी पाठात अस्पृश्यता अबॉलिश झाली आहे, इरॅडिकेट नव्हे. आणि त्याच वाक्यात लगेच म्हटलंय की तिचं कोणत्याही स्वरूपातलं आचरण निषिद्ध आहे. मुळासकट गेली असती तर निषिद्ध करायचं कारण काय होतं? अबॉलिश म्हणजे कायद्याने तिच्या पायाखालची जमीन काढून घेतली. समाजाने काय केलं ते या क्रियापदात नाही. मराठीत आपण 'नष्ट' वाचतो आणि दर वर्षी मागच्या बाकावरून कुणीतरी विचारतं, "सर, खरंच नष्ट झाली?" त्या पोराचा प्रश्न बरोबर असतो. शब्द आपल्याकडे जरा जास्त बोलून गेलाय.

डिमॉलिश बांधलेल्या गोष्टीचा: इमारत, भिंत, आणि लाक्षणिक अर्थाने युक्तिवाद, कारण तोही रचलेला असतो. गंमतीत जेवणाचाही, तिथे आपला 'फडशा पाडला' चपखल बसतो. रुइनमध्ये वस्तू जागेवरच असते, कामाची राहत नाही. अवकाळीने द्राक्षं रुइन होतात. दूध नासतं, पातेल्यात दूधच असतं, पण चहा होत नाही. 'वाट लागली' हा रुइनचा सख्खा भाऊ.

अनायलेटमध्ये निहिल आहे, काहीच नाही. आपण त्याला नामशेष लिहितो. जरा थांबून बघा, नामशेष म्हणजे नाव तरी शेष आहे! मराठीने दया दाखवली. ऑब्लिटरेटमध्ये अक्षर दडलंय, लिटेरा. लिहिलेलं वाचता येऊ नये असं करणं, खूण पुसणं, 'नामोनिशाण मिटवणं'. तिथे नावही गेलं.

मुळाचा अर्थ आणि आजचा अर्थ एकच असतो असं मात्र समजू नका. डेसिमेट ही रोमन सैन्यातली शिक्षा, चिठ्ठ्या टाकून दर दहांतला एक सैनिक मारायचे, तेही त्याच्याच सोबत्यांच्या हातून. आज इंग्रजी वृत्तपत्रांत त्याचा अर्थ बहुतेक सगळे गेले असा होतो. म्हणजे एक दशांशावरून नऊ दशांशांवर आला. एक्स्टर्मिनेट तर फारच बदलला. टर्मिनस म्हणजे सीमा. मूळ अर्थ सरळ हद्दपार करणं. आज झुरळं आणि उंदीर मारायला जे येतात त्यांचा तो शब्द, आणि माणसांबद्दल वापरला की वंशसंहार. सीमेबाहेर घालवता घालवता शब्दाने मारायला सुरुवात केली.

बटणावरची मराठी

मी ॲपच्या बटणांवरची मराठी तपासते, त्यामुळे रिमूव्ह, डिलीट आणि इरेज माझ्या ताटातले.

रिमूव्ह: इथून काढलं, कुठेतरी आहे. गाणं यादीतून काढलं, फोनमध्ये आहे. डिलीट: वस्तूच टाकून दिली. इरेज: पृष्ठभाग पुसून कोरा केला. म्हणून फोन विकायच्या आधी जी पायरी येते तिथे इरेज असतं. जुन्या हार्ड डिस्कवर हा फरक फार स्पष्ट होता. नुसतं डिलीट केलं की ग्रंथालयाच्या नोंदवहीतून पुस्तकाचं नाव खोडल्यासारखं, पुस्तक कपाटातच. त्या जागी दुसरं काही लिहिलं जाईपर्यंत जाणकार माणूस ते शोधून काढायचा.

रिमूव्हला 'काढा' लिहिलं की काय होतं ते सांगते. 'रिमूव्ह फोटो' या बटणावर आधीच्या माणसाने 'फोटो काढा' लिहून ठेवलं होतं. चाचणीला बसलेल्या एका आजोबांनी ते दाबलं आणि फोन समोर धरून, केस सारखे करून हसत बसले. कॅमेरा काही उघडला नाही, त्यांचा आधीचा फोटो मात्र गेला. त्या दिवसापासून मी 'काढून टाका' लिहिते, 'काढा' एकटा सोडत नाही.

डिलीटला 'हटवा' लिहायची पद्धत पडलीय. मला तो हिंदीतून आलेला आणि अर्धवट वाटतो. अतिक्रमण हटवतात, गर्दी हटवतात. हटवलेली गोष्ट बाजूला उभी असते. पण बटणावर जागा तीन अक्षरांची, 'कायमचे काढून टाका' मावत नाही. भांडून हरले आहे.

शब्दांची हमाली

काका, मास्तर, ताई, मी हे सगळं छापून घेतलंय. फुकट मिळालेलं शिक्षण.

अतिक्रमणावरून आठवलं. आमच्याकडच्या पालिकेच्या गाडीवर मोठ्या अक्षरांत 'अतिक्रमण निर्मूलन पथक' लिहिलंय. गाडी दुपारी बारा वाजता येते, हातगाड्या बोळात जातात, साडेबाराला वडापाव पुन्हा तळायला लागतो. मास्तरांच्या हिशेबाने ते नियंत्रणही नाही.

आणि रिमूव्हसाठी आपल्याकडे एक शब्द पडून आहे, तो कुणी घेतला नाही: कमी करणे. नणंदेचं लग्न झालं तेव्हा सासऱ्यांनी रेशनकार्डावरून तिचं नाव कमी केलं. खोडलं नाही, हटवलं नाही. कमी केलं, म्हणजे ती दुसऱ्या कार्डावर चढणार हे त्यात आलंच. दाखला घेऊन तहसील कचेरीत चार फेऱ्या मारल्या, पण शब्द नेमका होता.

पत्रकात आता असं केलंय. कंट्रोल नियंत्रण, इलिमिनेशन दूरीकरण, इरॅडिकेशन निर्मूलन, आणि पहिल्यांदा शब्द आला तिथे शेजारी साध्या मराठीत एक ओळ: "दूरीकरण म्हणजे आपल्या जिल्ह्यात रोगाचा प्रसार थांबवणे." एक शंका राहिली. काका म्हणतात देवी जगातून गेली. पण तिचा विषाणू कुठेतरी जपून ठेवलाय असं लेक म्हणते. मग इरॅडिकेट म्हणायचं कसं?

जुना फवारणीवाला

लेक बरोबर आहे. दोन प्रयोगशाळांत ठेवलाय, एक अमेरिकेत अटलांटाला, दुसरी रशियात कोल्त्सोव्होला. म्हणून आमच्या लोकांनी इरॅडिकेशनच्याही पुढे एक पायरी ठेवली आहे, एक्स्टिंक्शन. म्हणजे निसर्गात नाही आणि बाटलीतही नाही. देवी ती पायरी चढलेली नाही. रोग गेला, बी जपून ठेवलंय. मास्तर, याला मराठीत काय म्हणाल?

लातूरकर मास्तर

बीमोड झाला नाही, एवढंच म्हणेन. त्या शब्दात बी मोडणं ऐकू येतं.

शब्दांची हमाली

पत्रक गेलं. बाईंनी दूरीकरण ठेवलं. पण मांडणी करणाऱ्या मुलाला पहिल्या पानावर तो शब्द रुक्ष वाटला, म्हणून त्याने न विचारता स्वतःच्या मनाने मथळा टाकला: "चला, हत्तीरोग हद्दपार करूया!" मी बदलायला सांगणार होते. मग मास्तरांचा उंबरठा आणि सीमा आठवली. जिल्ह्याच्या हद्दीबाहेर, परत येऊ शकेल असा. इलिमिनेशनला मी आठवडाभर शोधत होते तो शब्द त्याने अर्ध्या मिनिटात, टाइप मोठा बसतो म्हणून लिहिला होता. राहू दिला.

जुना फवारणीवाला

मथळा चांगला आहे. आतल्या पानावर एक बघून घ्या. मोहिमेत हत्तीरोगाच्या ज्या गोळ्या देतात त्यांबद्दल 'वाटप' लिहिलं असेल तर ते बदला. वाटलेल्या गोळ्या फळीवर राहतात, हे मी घराघरांत बघितलंय. 'कर्मचाऱ्यासमोर गिळा' असं लिहा. आणि दोन वर्षांखालची मुलं, गरोदर बाया आणि खूप आजारी माणसं यांना द्यायच्या नाहीत, ती ओळ ठळक अक्षरांत आहे ना?